गुंडूमामा आणि एक नासवलेला शब्द

गुंडूमामा गेल्याची बातमी मला एका कार्डावरून कळली. बन्नूरला नात्यातला एक साखरपुडा उरकून मी बसने म्हैसूरला परतत होते. पिशवीत ओटीचा नारळ, शेजारणीच्या पायाशी उसाच्या कांड्यांची मोळी, आणि हातातला फोन गुरगुरला. घरच्या ग्रुपवर एक चित्र आलं होतं. फिकट करडा रंग, कोपऱ्यात मोगऱ्याची डहाळी, मध्ये मामाचा जुना फोटो आणि खाली बारीक, लांबुळक्या इंग्रजी अक्षरांत एक ओळ, ‘अ लाइफ, ब्युटिफुली क्युरेटेड.’ मला वाटलं, माझ्या मामेभावाने, प्रसादने, बापाच्या वाढदिवसाचं काहीतरी काढलंय. मग नावाखाली मामाचं जन्मसाल दिसलं, त्यापुढे एक आडवी रेघ आणि रेघेपुढे चालू साल... तेव्हा कळलं. ‘गेले’ असा शब्द त्या कार्डावर कुठेही नव्हता. तळाशी प्रसादच्या कंपनीचं चिन्ह मात्र होतं. सकाळी बाप गेला आणि दुपारच्या आत ही सजावट तयार! बसमध्ये मला रडू आलं ते नंतर. आधी आली ती किळस, आणि ती अजून पुरती गेलेली नाही, हे सांगूनच पुढचं लिहिते.

मामाला ते कार्ड दाखवलं असतं तर तो एकच अक्षर बोलला असता. शी! हे त्याचं आवडतं अक्षर. कॉफीवर साय धरली, शी. जेवताना कोणी भुरका मारला, शी. लग्नाच्या पत्रिकेत इंग्रजीचा मुडदा पाडलेला दिसला तर ती पत्रिका दोन बोटांत धरून तो अंगणात नेऊन ठेवायचा. दुसऱ्याच्या उष्ट्या लोट्याला त्याने जन्मात हात लावला नाही. असा सोवळ्या नाकाचा माणूस मी दुसरा पाहिला नाही. माझं नाक त्याच्यावरच गेलंय असं आई म्हणायची आणि त्यात कौतुक नसायचं.

आमचं घराणं म्हैसूरच्या जुन्या फौजेतलं. पूर्वज घोड्यावर बसले असतील, आम्ही सायकलवर. घरात त्या काळातली, खोगिराची एक लोखंडी रिकीब तेवढी उरली आहे आणि उरली आहे ती मराठी, जिच्यात निम्मं कन्नड आहे. मामा एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायचा. हुणसूरकडची, तंबाखूच्या शेतातली मुलं त्याच्या वर्गात असायची. घरी इंग्रजीचं एक अक्षर ऐकलेलं नाही, तरी मामा त्यांना शब्दांची घराणी सांगत बसायचा. “शब्दाची जात विचारू नये, पण गाव जरूर विचारावं,” असं त्याचं म्हणणं. मुलं ऐकायची, कारण त्याचं सांगणं एखाद्या गावच्या भानगडीसारखं रंगायचं. मला तो शेवटपर्यंत ‘पुट्टी’ म्हणायचा. कन्नडमध्ये छोट्या पोरीला म्हणतात तसं. मी निवृत्त झाले, केस पांढरे झाले, तरी “पुट्टी, ये की आत, बाहेर का उभी?” हे चालूच.

‘क्युरेट’ हा शब्द मात्र त्याला कोशात भेटला नव्हता. तो भेटला सरकारी इस्पितळाच्या मोठ्या वॉर्डात, त्याच्या वडिलांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या खाटेपाशी. मामा तेव्हा नुकता नोकरीला लागला होता. आजोबांच्या पायाला जखम झाली होती, ती चिघळली होती आणि वॉर्डात त्या वासाचं राज्य होतं. मामा खाटेपासून हातभर लांब, नाकाला रुमाल लावून बसायचा. रोज संध्याकाळी पांढऱ्या झग्यातला एक ठेंगणा पाद्री तिथे यायचा आणि खाटेखाटेशी थांबायचा. ख्रिस्ती कोण, हिंदू कोण, मुसलमान कोण, हे तो विचारायचा नाही. कुणाची उशी सरळ कर, कुणाला पाणी दे, कुणाची बेडपॅन घेऊन जा. मामाला आधी त्याचा संशय आला. आपल्या बापाला बाटवायला आलाय की काय म्हणून एकदा तो त्याच्या मागोमाग वॉर्डाच्या पाठीमागे गेला. तर पाद्रीबाबा गटारावर वाकून भडाभडा ओकत होते. ओकून झालं, नळावर चूळ भरली, झग्याची बाही कोरडी केली आणि परत आत जाऊन आजोबांचा पाय मांडीवर घेतला. मामा सांगायचा, “त्या दिवशी मला तो मनुष्य पटला. संत असता तर ओकला नसता. मग माझा त्याच्यावर विश्वास बसला नसता की!”

पुढे ओळख वाढली तेव्हा मामाने त्याला विचारलं, तुम्ही मोठ्या चर्चचे मुख्य पाद्री का? तो हसला. म्हणाला, मुख्य दुसरे आहेत. मी त्यांच्या हाताखालचा. इंग्रजीत मला क्युरेट म्हणतात. मग मामाने शब्दाचं गाव विचारलं आणि पाद्रीबाबांनी सांगितलं. लॅटिनमध्ये ‘कूरा’ म्हणजे काळजी. ज्याच्या हवाली वस्तीतल्या माणसांच्या आत्म्यांची काळजी केली जाते, तो ‘कुरातुस’. त्याचाच इंग्रजांनी क्युरेट केला. मोठा पाद्री वेदीवर, क्युरेट गल्लीत. कोण आजारी, कोण मरायला टेकलंय, कुणाच्या घरी चूल नाही, हे ज्याला ठाऊक असतं तो. मामा तेव्हा तरुण आणि वादाला पक्का. तो म्हणाला, आत्म्याची काळजी म्हणता आणि तुम्ही तर नुसते पाय धुता. पाद्री म्हणाला, “आत्मा कुठे असतो ते मला अजून सापडलेलं नाही, मास्तर. पाय सापडतात.” हे बोलणं कन्नडमधलं. मामा ते कन्नडमध्येच सांगायचा.

आजोबा घरी आले. त्यांची चौकशी करायला एकदा पाद्रीबाबा आमच्या दारात आले आणि आजीची पंचाईत झाली. पुजारी घरी आलेला, मग तो कुठल्या का देवाचा असेना, त्याला रिकाम्या हाताने परत कसं लावायचं? आजीने सुपात शिधा मांडला. तांदूळ, तूरडाळ, गुळाचा खडा, दोन कच्ची केळी, वर विडा-सुपारी आणि दक्षिणेचं नाणं. अमावास्येला भटजींना द्यायची तसाच. मामा शरमेने लाल झाला. “आई, हे भटजी नव्हेत! पाद्री आहेत!” आजी म्हणाली, “देवाचा मनुष्य नव्हे काय? मग साकु, पुरे, गप बैस.” आणि त्या झगेवाल्याने दोन्ही हात पुढे करून झग्याच्या ओच्यात तो सगळा शिधा घेतला. विडासुद्धा. वर आजीने त्याला वाकून नमस्कार केला आणि त्याने तिला. त्यानंतर दर अमावास्येला तो नेमाने यायचा आणि आजी नेमाने शिधा द्यायची. आमच्या भटजींना हे कळलं तेव्हा त्यांनी थोडं नाक मुरडलं. आजीने त्यांना सांगितलं, तुम्ही मंत्र म्हणता म्हणून तुम्हाला, तो पाय धुतो म्हणून त्याला.

पाद्री तो शिधा स्वतः खात नव्हता. एकदा मामा पिशवी उचलून त्याच्याबरोबर चालत गेला तेव्हा उलगडा झाला. लष्कर मोहल्ल्यात, पत्र्याच्या पेट्या ठोकणाऱ्यांच्या दुकानांमागे एक दोन खोल्यांचं घर होतं. तिथे एक बाई अंथरुणाला खिळलेली होती. तिचा मुलगा फ्रान्सिस लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा आणि मुलगी रेजिना शाळेत जायची. आजीचा शिधा तिथे शिजायचा. मामा त्या घरात पहिल्यांदा गेला तो असा, पिशवी घेऊन. तिथे त्याला सगळे राव म्हणायचे, कन्नडमध्ये मानाने ‘रावरु’. काही वर्षांनी पाद्रीची बदली झाली, मग तो कुठेतरी लांब वारल्याचं कळलं. मामाचं जाणं थांबलं नाही. फ्रान्सिसच्या आईला शेवटचं पाणी पाजायला तिथे कुणी झगेवाला नव्हता. मामा होता.

मग फ्रान्सिसची पाळी आली. बँड सुटला, लग्न केलंच नव्हतं, आणि एका पहाटे अर्धं अंग लुळं पडलं. आता घरात तो आणि रेजिना. रेजिनाची बोटं सांधेवाताने वाकडी झालेली, तिला त्याला कुशीवर वळवता येत नाही. म्हणून मामा दर शनिवारी जायचा. आजीचं लहान पितळी घंगाळ त्याने सायकलला बांधून तिकडे नेऊन ठेवलं होतं, कारण त्यांच्याकडे बादली एकच आणि ती पिण्याच्या पाण्याला. त्या घंगाळात कोमट पाणी घेऊन तो फ्रान्सिसची पाठ पुसायचा, कमरेखालचं सगळं धुवायचा, जिथे कातडी लाल दिसेल तिथे औषध लावायचा. शय्याव्रण म्हणतात ना, ते एकदा उघडलं की माणूस आतून सडत जातो. डॉक्टरांनी बजावलं होतं की या मनुष्याचा जीव त्याच्या पाठीवर आहे. मामाने ती पाठ इतकी वर्षं राखली. सारखं कुशीवर वळवायला शेजारचा पेट्या ठोकणारा यायचा, पण धुणं मामाचं.

मी दोन-चारदा त्याच्याबरोबर गेले आहे. उंबऱ्याच्या आत गेले नाही. तो वास मला सोसत नाही, यात लपवायचं काही नाही. घरी परतताना एकदा मी त्याला विचारलं, “मामा, तुला कॉफीवरची साय चालत नाही आणि हे कसं चालतं रे?” तो म्हणाला, “चालत नाहीच की. दर वेळी मळमळतं. किळस आली म्हणून हात थांबवायचा असं कुठं लिहिलंय, पुट्टी? किळस आपली आपण सांभाळायची. फ्रान्सिसनं का सांभाळायची ती?”

आता प्रसादविषयी. प्रसाद वाईट मुलगा नाही, आणि माझा संताप नेमका तिथेच आहे. वाईट असता तर सोडून दिलं असतं. हसरा, गोड बोलणारा, बापावर जीव टाकणारा. त्याची कंपनी बेंगळुरूच्या आणि परदेशी पाहुण्यांना म्हैसूर दाखवते. त्याच्या पाटीवर ‘क्युरेटेड म्हैसूर’ असं लिहिलं आहे आणि तो स्वतः ‘चीफ क्युरेटर’. पहाटे फुलबाजार, मग उदबत्ती वळणाऱ्या बायका, मग रेशीम, आणि दुपारी आमच्याच घरी ‘क्युरेटेड मराठा लंच’. मामा जेवायच्या टेबलाशी बसून पाहुण्यांना रिकीब दाखवायचा. का, तर पोराचं मन मोडवत नव्हतं. पाहुणे गेले की मात्र तोंड उघडायचा. एकदा मी तिथे होते. मामा म्हणाला, “प्रसाद, तू क्युरेट केलंस म्हणजे नेमकं काय केलंस?” प्रसाद म्हणाला, “निवडलं, मांडलं, अप्पा. डिक्शनरीत आहे की. तुम्हीच बघा.” मामाने मान हलवली. “आहे. नाही कोण म्हणतं? तुझा क्युरेटरसुद्धा त्याच कूरामधला. जुन्या रोममध्ये ज्यांना स्वतःला सांभाळता येत नाही त्यांचा पालक, तो क्युरेटर. मग म्युझियममधला आला, तो निदान वस्तूंवरची धूळ तरी पुसतो. आणि आता तू. तू कुणाला सांभाळतोस, सांग की?” प्रसाद हसत म्हणाला, “तुम्हाला!” मामा हसला नाही. “त्याच घराण्यात तुझ्यासाठी दुसरा शब्द आहे. सिनेक्युअर. सिने कूरा, काळजीवाचून. चर्चमध्ये अशी पदं असायची. उत्पन्न चालू, मान चालू, आणि वस्तीतल्या एका माणसाचीही जबाबदारी नाही. पाटीवर ते घाल.” प्रसादने त्याचं हे बोलणं फोनमध्ये टिपून घेतलं आणि ‘माझे खडूस अप्पा’ म्हणून जगाला दाखवलं. हजारो लोकांना ते फार गोड वाटलं म्हणे. मामाने ते ऐकलं आणि उठून हात धुतले.

फ्रान्सिसविषयी प्रसादला ठाऊक नव्हतं असं नाही. अप्पा शनिवारी ‘त्यांच्या क्लॅरिनेट अंकलकडे’ जातात हे त्याला माहीत होतं, आणि त्याला ते सुंदर वाटायचं. सुंदर! हा दुसरा शब्द, ज्याचा मला आता वीट आला आहे.

मामाचे दिवस झाले, आणि त्यानंतर हुणसूर रस्त्यावरच्या एका जुन्या बंगल्यात, ज्याचं आता हॉटेल झालंय, प्रसादने तो समारंभ ठेवला. दिवस शनिवार. शोकसभा नव्हे, ‘सेलिब्रेशन’. मी रेशमी साडी नेसून गेले, कारण आमंत्रणात रंग दिला होता, मोतिया. हातात माईक घेतलेली एक मुलगी मामाचं नाव ‘गुंडू सर’ असं इतक्या लाडाने घेत होती की जणू तो तिच्या मांडीवर खेळला होता. चिमुकल्या पेल्यांत कॉफी फिरत होती. पडद्यावर मामा सायकलवर, मामा रिकीब दाखवताना, मामा ‘शी’ म्हणताना, आणि त्या ‘शी’वर हशा. एका टेबलावर त्याच्या वस्तू मांडल्या होत्या. चष्मा, छत्री, कोश. प्रत्येकीखाली जाड कागदाची चिठ्ठी. मी सगळं गिळत होते. आपल्या माणसाच्या मयताला तमाशा करू नये एवढं मला कळतं.

मग मी कॉफीचा पेला ठेवायला दाराकडे गेले आणि दारातच, वेताच्या तिवईवर, ते दिसलं. आजीचं घंगाळ. चिंचेने घासून लख्ख केलेलं, काठोकाठ पाणी, त्यात गुलाबाच्या पाकळ्या आणि तरंगत्या पणत्या. खाली चिठ्ठी, ‘म्हैसूरच्या मराठा घराण्याचं वारसा-पात्र.’ एक बाई वाकून पाकळ्यांचा वास घेत होती. तिने एक पाकळी उचलली आणि गालाला लावली. माझ्या घशाशी आलं. घंगाळाची घाण नव्हती ती. त्या भांड्यात काय काय धुतलं गेलं ते मला ठाऊक होतं आणि त्यात मला, खरं सांगते, काहीच घाण वाटत नव्हती. घाण होती ती पणत्यांची.

मी प्रसादला बाजूला घेतलं. “हे कुठून आणलंस?”

“रेजिना आंटींकडून. विचारूनच आणलं की, अक्का. त्यांनी आनंदानं दिलं.”

“आनंदानं नाही दिलं. रावांचा मुलगा दारात आला, नाही कसं म्हणेल ती? कधी आणलंस?”

“अप्पांचे दिवस चालू होते तेव्हा. पॉलिश करायचं होतं ना.”

“मग तिथे आता फ्रान्सिसला कशात धुतात?”

खोटं बोलायला त्याच्याकडे काही नव्हतं, कारण त्याने विचारच केला नव्हता. बाप ज्याच्या पाठीसाठी झिजला त्याच्या घरातून याने भांडं उचलून आणलं, आणि ते दारात ठेवताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं असेल, याची मला खात्री आहे. खरंखुरं पाणी. शी!

मी पणत्या विझवल्या, घंगाळ दोन्ही कड्यांनी उचललं आणि बाहेर क्रोटनच्या वाफ्यात ओतलं. साडी भिजली. प्रसाद धावत आला. “अक्का, एनु इदु! हे काय! सगळे बघतायत.” मी म्हटलं, “बघू देत. तुझे अप्पा दर शनिवारी हे असंच ओतायचे. गटारात. तेही क्युरेट कर.” आणि रिक्षा थांबवून लष्कर मोहल्ल्याकडे निघाले. मांडीवर घंगाळ, घंगाळाला चिकटलेल्या पाकळ्या, आणि मी रिक्षाभर पुटपुटतेय. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिलं.

रेजिना दारात आली. माझ्या हातातलं घंगाळ पाहून आधी तिने तोंडावर हात ठेवला, मग स्टोव्हवर पाणी ठेवलं. इतके दिवस ती प्लास्टिकच्या मगाने, वाकड्या बोटांनी, हाताला येईल तेवढं पुसत होती. पेट्या ठोकणारा वळवून जायचा, त्यापुढचं काम त्याला जमत नव्हतं. वास उंबऱ्यापाशीच भेटला. यावेळी मी आत गेले. फ्रान्सिसच्या पाठीवर, माकडहाडाच्या वर, नाण्याएवढी जागा उघडली होती. मामाने ती इतकी वर्षं उघडू दिली नव्हती. मी पदर खोचला, घंगाळात पाणी ओतलं, कापड बुडवलं आणि चादरीला हात घातला.

फ्रान्सिसने त्याच्या चांगल्या हाताने चादर घट्ट धरली. त्याचं बोलणं जड झालं आहे, पण शब्द स्पष्ट होता. “बेडम्मा.” नको, बाई. मी म्हटलं, मी रावांची भाची, माझ्यापाशी कसली लाज? तो परत म्हणाला, “बेड.” डोळे मिटून घेतले आणि चादर सोडली नाही. रेजिनाने मला हळूच सांगितलं, बाईमाणसाकडून तो करून घेत नाही. तिच्याकडूनही नाही, सगळं नाही. रावरु होते म्हणून... मी कापड हातात धरून उभी. एवढा तमाशा करून भांडं आणलं, किळस गिळली, आणि आता या मनुष्याच्या अब्रूपुढे माझ्या किळसेला काही किंमत नव्हती. त्याची पाठ उघडी पडली होती आणि तरी त्याला चादर हवी होती. ती मी कशी ओढून घेणार? पाणी गार होत होतं.

मी बाहेर ओट्यावर येऊन प्रसादला फोन लावला. मागे अजून माईकचा आवाज येत होता. मी म्हटलं, “फ्रान्सिसच्या पाठीला भोक पडलंय. मला तो हात लावू देत नाही. पुरुष माणूस पाहिजे. येतोस, की मी रस्त्यावरच्या कुणाला बोलावू?” मग तो म्हणाला, “अक्का, मला ते जमणार नाही... मला उलटी होईल.” मी म्हटलं, “हो की. मग गटार बाहेर आहे.”

तो आला. मोतिया रंगाचा लिननचा कुर्ता, कपाळावर घाम. आत गेला आणि लगेच बाहेर येऊन ओट्याच्या कडेला गटारावर वाकला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. पाणी परत गरम करायला सांगितलं. तो उठून पुन्हा आत गेला आणि रेजिनाने दार ओढून घेतलं. आम्ही दोघी बाहेर थांबलो. समोर पत्रा ठोकत होते, त्यामुळे आतलं नीट ऐकू येत नव्हतं. पाण्याचा आवाज, प्रसादचं खोकणं, आणि मध्येमध्ये फ्रान्सिसचं जड कन्नड. कापड पिळ. वरून खाली. घासू नको, टिप. मामाने हे काम कुणाला शिकवलं नव्हतं. ज्याचं अंग धुतलं जात होतं तोच आता शिकवत होता.

प्रसाद सुधारला, असं लिहून मला हा लेख गोड करायचा नाही. त्याच्या पाटीवर तो शब्द अजून आहे आणि तिथून जाताना मी मान फिरवते. त्यानंतरच्या शनिवारी तो स्वतःहून गेला. त्याच्या पुढच्या शनिवारी पाहुणे होते, मला फोनवर दोन शिव्या द्याव्या लागल्या, मग गेला. जखम अजून भरलेली नाही, पण पसरलेलीही नाही असं डॉक्टर म्हणतात. घंगाळ काळपट पडलंय, तिथेच फ्रान्सिसच्या खाटेखाली असतं.

गेल्या वेळी मी ओट्यावर होते आणि दार अर्धवट उघडं राहिलं होतं. आतून फ्रान्सिस म्हणाला, “रावरे, इकडून धरा.” मामाला तो रावरेच म्हणायचा. प्रसाद थबकला असावा. मग मोठ्याने, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसा, म्हणाला, “अंकल, मी प्रसाद. अप्पा गेले, अंकल.”

“गोत्तु,” फ्रान्सिस म्हणाला. ठाऊक आहे. “पाठ धरा, रावरे.”